वयाचे तीन मार्क

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

ग्रीन कॉरिडॉरची बातमी आम्हा बातमीदारांना फार आवडते. सोलापुरातल्या एखाद्या हॉस्पिटलात ब्रेन डेड झालेल्या माणसाच्या घरचे अवयवदानाला हो म्हणतात, रात्रीतून पोलीस कामाला लागतात, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा रस्ता मोकळा होतो आणि अँब्युलन्स पुण्याकडे सुटते. अडीचशे किलोमीटर. किती तासांत पोचली ते आम्ही लिहितो, ट्रॅफिक पोलिसांचं कौतुक करतो, दात्याच्या भावाचं एखादं वाक्य घालतो. डबा हातात धरून पळणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोटो तर असतोच. बातमी हडपसरला संपते. त्या डब्यातली किडनी पुढे कुणाला बसली, हे कुणी विचारत नाही. नाव विचारायचं नसतंच, ते गुप्त ठेवतात आणि तेच बरोबर आहे. पण कुठल्या नियमाने बसली, हे विचारायला काय हरकत आहे?

मी हे विचारायला लागलो ते एका अकरा वर्षांच्या पोरामुळे. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर, आई बिड्या वळते. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. पोराचं नाव, गाव, हॉस्पिटल काही लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. पूर्व भागात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

पोराला पाचव्या वर्षी नेफ्रॉटिकचा त्रास सुरू झाला. सकाळी उठलं की डोळे सुजलेले, मग पाय, मग पोट. बहुतेक मुलं स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बरी होतात, पुन्हा सुजतात, पुन्हा बरी होतात आणि मोठी झाली की सुटतात. याच्या आजाराने गोळ्यांना दाद दिली नाही. मध्ये गोळ्या बंद झाल्या, मध्ये कुणीतरी झाडपाला दिला, मध्ये लॉकडाऊन आला. दहाव्या वर्षी दोन्ही किडन्या बसल्या आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास.

मोठ्या माणसाचं डायलिसिस तुम्ही पाहिलं असेल. हल्ली प्रत्येक घराण्यात एक जण असतो. लहान मुलाचं डायलिसिस वेगळं असतं. मुलांच्या मापाची नळी आणि फिल्टर लागतो, वजन सतत मोजावं लागतं, अर्धा लिटर पाणी इकडे तिकडे झालं तरी झटके येऊ शकतात. लहान मुलांची सवय असलेला टेक्निशियन लागतो आणि तो तालुक्याला सोडा, जिल्ह्याच्या गावातही सहज मिळत नाही. आजूबाजूच्या खाटांवर साठीची माणसं, कुणी उलटी करतंय, कुणाचं बीपी पडलंय, आणि मधल्या खाटेवर हे पोरगं मोबाईलवर गाड्यांचा गेम खेळत. त्याची लघवी जवळपास बंद झालेली, म्हणून दिवसाला पाणी मोजून. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो हे तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात शाळकरी पोराला पाव लिटरच्या बाटलीवर दिवस काढायला सांगायचं. आई त्याला बर्फाचा खडा चोखायला द्यायची आणि तोही हिशेबात धरायची. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही, शेंगा चटणी नाही. सोलापूरच्या पोराला शेंगा चटणी नाही! त्याने मला एकदा विचारलं, "काका, नवीन किडनी बसली की चटणी चालती का?" मी डॉक्टरांना विचारून सांगितलं, बेताने चालते.

अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याचं वजन एकोणीस किलो होतं. अनोळखी माणूस त्याला दुसरीतला समजायचा. किडनी गेली की मुलांची वाढ थांबते. हाडं कच्ची राहतात, रक्त कमी पडतं, भूक मरते. डायलिसिसने जीव वाचतो, वाढ परत येत नाही. वेळेत प्रत्यारोपण झालं तर मुलं राहिलेली उंची बरीच भरून काढतात. पण वयात येऊन हाडांची टोकं जुळून गेली की मग कितीही चांगली किडनी बसवा, उंची वाढत नाही. शाळेचंही तसंच. आठवड्यातले तीन दिवस मशीनवर गेले की चौथी-पाचवीचं गणित कायमचं कच्चं राहतं. पन्नाशीच्या माणसाला दोन वर्षं थांबायला लावणं क्रूर आहे, यात शंका नाही. पण त्या माणसाची उंची झालेली असते, शाळा झालेली असते, लग्न झालेलं असतं. पोराच्या थांबण्यात हे सगळं जातं.

हे मनात ठेवा आणि आता यादीकडे या.

आपल्याकडे किडनी दोन वाटांनी मिळते. एक, घरातलं कुणी देतं. दोन, ब्रेन डेड दात्याकडून, यादीत नंबर लागला तर. २०२३ साली देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली, त्यांतली १३,४२६ किडनीची. आणि मृत दाते किती? १,०९९. एकशेचाळीस कोटींच्या देशात. म्हणजे आपल्याकडची बहुतेक किडनी घरातूनच येते, आणि घरातून म्हणजे बऱ्याचदा आईकडून. जिवंत दात्यांत बायका जास्त आणि किडनी घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र देशभर आहे. त्यावर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे.

तर या पोराच्या घरी काय झालं? आईचा रक्तगट जुळला नाही. वडिलांना शुगर निघाली, ती तपासणीतच कळली. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक धरले जातात, म्हणून आजी पुढे झाली. तिचं बीपी आणि वय बघून डॉक्टरांनी हात जोडले. ज्यांचा रक्तगट जुळत नाही अशा दोन कुटुंबांनी अदलाबदल करायची सोयही त्याच दुरुस्तीने झालीय, पण तसं दुसरं कुटुंब मिळायला हवं ना. राहिली यादी.

सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीखाली येतो, सगळे तिला झेडटीसीसी म्हणतात. राज्यात अशा चार समित्या आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. वर केईएममधली रोटो-सोटो, त्याच्याही वर दिल्लीची नोटो. रुग्णाला स्वतः जाऊन नाव घालता येत नाही, प्रत्यारोपणाची मान्यता असलेलं हॉस्पिटल ते घालतं. मोठ्या माणसाचं प्रत्यारोपण आता सोलापुरातही होतं. वीस किलोच्या आतल्या मुलाचं म्हटलं की पुणं नाहीतर मुंबई. लहान पोटात मोठ्या माणसाची किडनी बसवायची, ती पोटातल्या मुख्य रक्तवाहिन्यांना जोडायची, पुढे आयुष्यभर औषधांचे डोस वजनाप्रमाणे बदलायचे, यासाठी मुलांचा किडनीतज्ज्ञ लागतो. ते सगळे मोठ्या शहरांत. म्हणून वडील पहाटे उठून पोराला घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या दिवसाचा रोज बुडतो. लूमवर रजा ही भानगड नसते.

नाव घालायलाही एक अट आहे. राष्ट्रीय निकषांप्रमाणे रुग्ण तीन महिन्यांहून जास्त काळ नियमित डायलिसिसवर असायला हवा. यातली गंमत बघा. ज्याच्या आईची किडनी जुळते त्या मुलाचं, डॉक्टरांना योग्य वाटलं तर, एकही डायलिसिस न होता प्रत्यारोपण होऊ शकतं. मुलांसाठी तेच सगळ्यात चांगलं, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. ज्याच्या घरात जुळणारं कुणी नाही, त्याने आधी मशीनवर तीन महिने काढायचे आणि मग रांगेत उभं राहायचं.

रांगेत नंबर कसा लागतो? इथे तो तक्ता येतो ज्यासाठी ही सगळी पोस्ट आहे. रक्तगट जुळला की त्या गटातल्या रुग्णांना गुण देतात, ज्याचे जास्त त्याचा नंबर वर. नोटोच्या तक्त्यात डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला १ गुण आहे. फिस्तुला करायच्या हातावरच्या सगळ्या जागा संपल्या असतील तर जादा गुण. पूर्वी स्वतः किडनी दान केलेल्या माणसावरच वेळ आली तर ५. मृत दात्याच्या जवळच्या नातेवाइकाला गरज पडली तर ५. आणि वयाला? सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ३, सहा ते बाराच्या आत २, बारा ते अठराच्या आत १.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. चला, कुणीतरी मुलांचा विचार केलाय. मग पेन घेऊन बसलो.

एका महिन्याच्या डायलिसिसला एक गुण. म्हणजे सहा वर्षांच्या आतल्या लेकराचं लहानपण हे तीन महिन्यांच्या डायलिसिसएवढं. तेरा वर्षांच्या मुलीचं एका महिन्याएवढं. समजा चाळीस महिने डायलिसिसवर असलेला एक रिक्षावाला आहे. चाळीस गुण. त्याच रक्तगटाचं पाच वर्षांचं पोर सहा महिन्यांपूर्वी मशीनवर आलं. सहा अधिक तीन, नऊ. यात प्राधान्य कुठे आलं? वयाचे गुण काढून टाकले असते तरी निकाल तोच लागला असता. दोघांचे गुण जवळजवळ सारखे असतील तेव्हाच हे दोन-तीन गुण कामाला येतात, आणि मोठ्यांची वर्षानुवर्षांची रांग असताना ते किती वेळा होणार? आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड मिळाली तरी दहावीला तीन मार्क वाढवून देतात. त्याच तोडीचं हे.

आणखी एक. वय चालू धरलं तर या पोराचे अकराव्या वर्षी वयाचे दोन गुण. बारावं लागलं की एक. म्हणजे वाढदिवसाच्या महिन्यात डायलिसिसचा एक गुण वाढणार आणि वयाचा एक कमी होणार. तो महिना त्याने फुकट भोगायचा. मी हे वडिलांना समजावून सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे साहेब, मोठं होऊच नये म्हना की."

एक मान्य केलं पाहिजे. दाता स्वतः लहान मूल असेल तर त्याची किडनी आधी मुलांना विचारायची, असं निकषांत आहे. नियम चांगला आहे. पण मुलाचे आई-बाप त्या अवस्थेत दानाला हो म्हणतील असे प्रसंग किती येणार? ज्यांनी हो म्हटलंय त्यांच्यापुढे हात जोडावेत इतके थोडे आहेत ते. आणि मुलांना फक्त मुलांचीच किडनी चालते असंही नाही. उलट अगदी लहान दात्याची किडनी बसवणं अवघड, तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळी व्हायची भीती जास्त. मुलांच्या कामाची असते ती तरुण, निरोगी मोठ्या माणसाची किडनी. आणि ती तर सगळ्यांनाच हवी असते.

त्यात अजून एक वळण. आपल्याकडे चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे, जिथे दान होतं त्या हॉस्पिटलला स्वतःचं प्रत्यारोपण केंद्र असेल तर एक किडनी त्यांच्या रुग्णांसाठी राहते, दुसरी विभागाच्या सामाईक यादीत जाते. हॉस्पिटलांनी दान घडवून आणायला उत्साह दाखवावा म्हणून हे केलंय आणि त्यात तथ्यही आहे, कारण ब्रेन डेड रुग्ण सांभाळणं, घरच्यांशी बोलणं, रात्रभर धावपळ, हे काम फुकटात कुणी करत नाही. पण परिणाम काय होतो ते बघा. मुलांचं प्रत्यारोपण करणारी हॉस्पिटलं मोजकी. जिथे अपघाताचे, ब्रेन हॅमरेजचे मोठे रुग्ण येतात तिथे जास्त दान होतं आणि तिथल्या यादीत मोठी माणसं असतात. मुलांच्या हॉस्पिटलात मोठा ब्रेन डेड रुग्ण येणार कुठून? म्हणजे घरची किडनी मुलांच्या वाट्याला जवळपास येतच नाही, त्यांची सगळी भिस्त दुसऱ्या किडनीवर.

आता रिक्षावाल्याकडे परत येऊ. त्याला बाजूला सारून ही गोष्ट सांगणं मला जमणार नाही, कारण तशी माणसं मी डायलिसिसच्या खाटांवर दर महिन्याला भेटतो. तीन वर्षं मशीनवर, रिक्षा विकलेली, बायको चार घरची धुणीभांडी करते, मुलं शाळेत. तो वाचला तर तीन पोरांची शाळा वाचते. त्याला जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं, की दादा, तुझे चाळीस गुण बाजूला ठेव, आधी हे पोर? एका ओळखीच्या किडनीतज्ज्ञांनी मला हेच सुनावलं. म्हणाले, तुम्ही पत्रकार लोक लहान मुलाचा फोटो लावता आणि मोकळे होता, नकार मला द्यावा लागतो.

त्यांचं बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच, की यादीत मुलं फार थोडी असतात. त्यांना खरोखर पुढे घेतलं तर मोठ्या माणसांची रांग थोडीशी लांबेल, मुलांचं मात्र अख्खं बालपण वाचेल. आणि मूल काही कायमचं पुढे राहत नाही. मृत दात्याची किडनी साधारण दहा-पंधरा वर्षं चालते. अकराव्या वर्षी बसलेली किडनी पंचविशीत थकली की ते पोर पुन्हा त्याच यादीत, या वेळी मोठा माणूस म्हणून, कुठल्याही सवलतीशिवाय उभं राहणार आहे. लहानपणी किडनी गेलेल्या मुलाला आयुष्यात दोन किंवा तीन वेळा ही वाट चालावी लागते. निदान पहिली खेप तरी वेळेत व्हावी.

अमेरिकेने हे करून बघितलंय. २००५ साली त्यांनी नियम केला, की पस्तीस वर्षांच्या आतल्या मृत दात्याची किडनी आधी अठरा वर्षांच्या आतल्या रुग्णांना विचारायची. मुलांचा थांबायचा काळ खरंच कमी झाला. पण दुसरंही एक झालं, जे कुणी नियमात लिहिलं नव्हतं. मुलांना आई-बापांकडून मिळणाऱ्या किडन्या कमी झाल्या. यादीतून लवकर मिळतेय तर आपली कशाला आत्ता द्यायची, पुढे दुसऱ्या वेळेला राखून ठेवू, असा विचार घराघरांत झाला असणार. त्या आई-बापांना नावं ठेवता येत नाहीत. पण जिवंत माणसाची किडनी जास्त वर्षं टिकते, त्यामुळे मुलांचा निव्वळ फायदा किती यावर तिथे आजही वाद आहे. २०१४ साली त्यांनी नियम पुन्हा बदलला, दात्याच्या वयाऐवजी किडनीचा दर्जा मोजायला लागले.

आपल्याकडे तसं होईल का? मला नाही वाटत. एवढ्या थोड्या दात्यांच्या देशात कुठलीच आई यादीच्या भरवशावर आपली किडनी राखून ठेवणार नाही. आपल्याकडे यादीत येणारं मूल हे घरातले सगळे दरवाजे बंद झालेलं मूल असतं. म्हणून हवं तर अट घाला: घरातला जिवंत दाता वैद्यकीय कारणाने बाद झाला असेल, अशाच मुलाला पुढे घ्या. तपासणीचे कागद असतातच. या पोराच्या पिशवीत अडीच किलोची फाईल आहे.

पैशांचं लवकर आवरतो, कारण निदान त्या बाबतीत बरं चाललंय. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं. २०२३ च्या जुलैमध्ये या योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. मुलांच्या प्रत्यारोपणाला त्याहून जास्त लागू शकतं, वरचे पैसे मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि ट्रस्टांचे उंबरे झिजवून जमतात. नंतरच्या गोळ्या जन्मभर. त्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड खाणारी माणसं मला माहीत आहेत, त्यांची किडनी गेली.

खरा तुटवडा दात्यांचा आहे आणि त्यात आपलं सोलापूरही येतं. पुणे, हैदराबाद, विजापूर, तिन्ही बाजूंचे हायवे गावातून जातात. डोक्याला मार लागलेले किती रुग्ण रोज येतात ते कुठल्याही आयसीयूत विचारा. त्यातले काही ब्रेन डेड होतात. कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं प्रमाणित करायचं असतं. आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर घरच्यांना दानाबद्दल विचारणं हे आयसीयूवाल्यांचं काम आहे, त्यांच्या मर्जीचा प्रश्न नाही. प्रत्यक्षात पेशंट 'सीरियस आहे' एवढंच सांगितलं जातं, दोन दिवसांनी हृदय थांबतं, पोस्टमॉर्टेम होतं आणि विषय संपतो. कारणं मला कळतात. नातेवाईक अंगावर येतील ही भीती, मेडिकोलीगल केसमधली पोलिसांची कटकट, समुपदेशक जागेवर नसणं. घरची माणसं नाहीच म्हणतात असं मात्र समजू नका. ज्यांना नीट, खाली बसून, वेळ देऊन विचारलं, त्यातल्या कितीतरी जणांनी हो म्हटलेलं मी पाहिलंय. एका शेतकरी बापाने तर समुपदेशकालाच उलट विचारलं होतं, "लहान लेकराला बसंल का?" त्याला तिथे कुणी उत्तर देऊ शकलं नाही. तक्त्यात उत्तर आहे: बसू शकते, पण लेकराच्या आधी बरेच जण आहेत.

तक्ता बदलणं अवघड असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने एका फटक्यात रहिवासी दाखल्याची अट काढली, नोंदणीची पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढली, नोंदणी फी घेऊ नका म्हणून सांगितलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नोटोने राज्यांना दहा मुद्द्यांचं पत्र पाठवलं, त्यात यादीतल्या महिला रुग्णांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. महिलांचं झालं ते उत्तमच झालं, उशिरा झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की अवयव वाटपाचं एकसारखं राष्ट्रीय धोरण करा. म्हणजे तक्ता पुन्हा टेबलावर येणार आहे. पासष्टच्या वरच्यांसाठी दार उघडलं, ते मला पटतं. पण वरच्या टोकाचं वय बघणाऱ्यांनी खालच्या टोकाचंही बघावं.

मला विचाराल तर चार गोष्टी सुचतात आणि त्या सुचायला डॉक्टर असावं लागत नाही. मुलांना डायलिसिसच्या तीन महिन्यांची अट नको, किडनी पूर्ण निकामी झाल्याचं तज्ज्ञाने लिहून दिलं की नाव घाला. वयाचे गुण ठेवायचे तर असे ठेवा की चार-पाच वर्षांच्या रांगेपुढे ते दिसतील, तीन नको, तीस ठेवा. नाव घातलं त्या दिवशीचं वय धरा, म्हणजे वाढदिवसाची शिक्षा होणार नाही. आणि तरुण दात्याची जी किडनी सामाईक यादीत जाते ती आधी विभागातल्या मुलांना विचारा, जुळणारं मूल नसेल तर अर्ध्या तासात मोठ्यांकडे वळवा. हे आकडे तज्ज्ञांनी बसून ठरवावेत, माझ्या तीसचा आग्रह नाही. पण ठरवणाऱ्या समितीत मुलांचा किडनीतज्ज्ञ असलाच पाहिजे, हा आग्रह आहे.

मी आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. पुणे विभागाच्या यादीत गेल्या पाच वर्षांत अठराच्या आतली किती मुलं नोंदवली गेली, त्यातल्या किती जणांना मृत दात्याची किडनी मिळाली, मिळायला किती महिने लागले, किती मुलं वाट बघताना गेली आणि किती जण अठरा पूर्ण होऊन मोठ्यांच्या यादीत सरकली. त्यात सोलापूर जिल्ह्यातली किती, हेही विचारलंय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील करीन. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.

तोवर एक काम. तुमच्या ओळखीत, गल्लीत, शाळेत डायलिसिसवरचं मूल असेल आणि त्याचं नाव यादीत घातलेलं नसेल, तर मला मेसेज करा. नाव घालायचं राहून गेलेली मुलं मला आत्तापर्यंत दोन भेटलीत, दोन्ही वेळा घरच्यांना वाटत होतं की नाव आपोआप जातं. ते जात नाही. हॉस्पिटलच्या समन्वयकाला भेटून फॉर्म भरावा लागतो आणि नोंदणीचा नंबर लिहून घ्यावा लागतो. काय काय कागद लागतात ते मी सांगतो.